मुक्या सोबत्याची आठवण

माणूस आणि पाळीव प्राणी यांचा सहवास फार प्राचीन आहे. काश्मीरमधील बुर्झाहोम येथे झालेल्या उत्खननात नवाश्मयुगीन दफने सापडली. त्यांत माणसांबरोबर पुरलेली कुत्रीही होती. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांच्या काळातील या लेखात ‘काळि’ नावाच्या शिकारी कुत्र्याची हकिकत कोरलेली आहे. पराक्रमाबद्दल राजा प्रसन्न झाला, तेव्हा मणलेर नावाच्या वीराने त्याच्याकडे हा कुत्रा मागितला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना तो कुत्रा आणि ते डुक्कर असे दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ देवळासमोर शिळा उभारण्यात आली.

शिळा उभारण्याचे सामर्थ्य सर्वांजवळ नसते. परंतु ज्या भावनेतून ती उभी राहिली, ती भावना आजही घरोघरी आढळते. कुत्रा, मांजर, ससा किंवा काचेच्या भांड्यातील मासा मरण पावला, की घरात एक पोकळी निर्माण होते. या दुःखाला समाजात फारसे स्थान नाही. माणूस गेला तर शेजारी भेटीला येतात. प्राणी गेला तर मात्र ‘दुसरा आणा’ असा सल्ला मिळतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा दिवस ज्या मांजरीच्या दुधाच्या वेळेने सुरू होत असे, त्याला हा सल्ला कसा मानवेल? लहान मुलांचा तर मृत्यूशी होणारा हा अनेकदा पहिलाच परिचय असतो. ‘तो गावाला गेला’ असे सांगितल्यास मूल त्याची वाट पाहत राहते. त्याला सोप्या शब्दांत खरे सांगावे आणि निरोपाच्या कामात सामील करून घ्यावे. घरच्या घरी केलेले साधे स्मारक या दृष्टीने उपयोगी पडते. हाताला काम मिळते आणि बोलण्यास निमित्त मिळते.

अंतिम व्यवस्था

स्मारकापूर्वी मृतदेहाची योग्य व्यवस्था करणे आवश्यक असते. स्वतःची जागा असल्यास सुमारे तीन-चार फूट खोल खड्डा घ्यावा, म्हणजे भटके प्राणी माती उकरणार नाहीत. ही जागा विहिरीपासून व पाणवठ्यापासून दूर असावी. देह प्लास्टिकमध्ये न गुंडाळता जुन्या सुती कापडात गुंडाळावा. सुती कापड मातीत मिसळून जाते. प्राणी संसर्गजन्य रोगाने मेला असल्यास किंवा त्याला दयामरणाचे इंजेक्शन दिले असल्यास पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. पिसाळल्याची शंका असल्यास देहाला हात लावू नये. शहरात जागा नसल्यास नगरपालिकेकडे चौकशी करावी.

पंजाचा ठसा

पंजाचा ठसा ही सर्वांत जिव्हाळ्याची आठवण. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि सुमारे एक वाटी पाणी घ्यावे. पाणी थोडे थोडे घालत घट्ट गोळा मळावा आणि त्याची बोटाएवढी जाड चकती लाटावी. तिच्यावर पंजा हलकेच दाबून उचलावा. मृत्यूनंतर काही तासांत स्नायू ताठरतात, म्हणून ठसा त्यापूर्वी घेणे सोयीचे असते. चकती प्रथम सावलीत, मग कोवळ्या उन्हात उलटसुलट करून पूर्ण वाळवावी. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात चकती मऊ पडू नये, यासाठी तिला सर्व बाजूंनी व्हार्निशचे दोन हात द्यावेत.

अधिक टिकाऊ ठसा हवा असल्यास शाडूच्या मातीत पंजा उमटवावा आणि त्या खोलगट साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे. प्लास्टर घट्ट होताना तापते, म्हणून ते जिवंत प्राण्याच्या पंजाला कधीही लावू नये. वृद्ध प्राण्याचा ठसा त्याच्या हयातीतच घेऊन ठेवता येतो. मात्र मिठाची कणीक त्याच्या खाण्यात येऊ देऊ नये. एवढे मीठ कुत्र्या-मांजरांस घातक ठरते. ठसा घेताच पंजा कोमट पाण्याने धुवावा.

दगड आणि झाड

नदीकाठचा एखादा सपाट, गुळगुळीत दगड धुऊन वाळवावा आणि बारीक कुंचल्याने ऑइल पेंटमध्ये त्यावर नाव लिहावे. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा पाथरवट भेटल्यास अल्प मोबदल्यात तो नाव कोरूनही देईल. पुरलेल्या जागेवर पारिजातक किंवा जास्वंद लावता येते. सदनिकेत एक कुंडी पुरते. दहन केले असल्यास राख थेट मुळाशी टाकू नये. तिच्यातील क्षारांमुळे रोप करपण्याचा संभव असतो; थोडी राख भरपूर मातीत मिसळावी. घरात इतर प्राणी असल्यास कण्हेर लावू नये, कारण ती विषारी आहे. मांजर असल्यास लिलीही टाळावी.

वस्तू आणि शब्द

गळ्यातला पट्टा, घुंगरू, खेळण्याचा चेंडू आणि एक छायाचित्र मिठाईच्या रिकाम्या खोक्यात मांडून वर पारदर्शक कागद लावला, की सुंदर चौकट तयार होते. त्याच्या अंथरुणाचे कापड धुऊन गोधडीत एक ठिगळ म्हणून जोडता येते. याहूनही स्वस्त स्मारक म्हणजे एक वही. तो घरात केव्हा आला, कोणत्या हाकेला धावत येई, कशाला घाबरे, कोणाच्या पायाशी झोपे, हे घरातील प्रत्येकाने तिच्यात लिहावे. ज्याला लिहिता येत नाही, त्याने सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. दगडावर केवळ नाव मावते. स्वभाव मात्र वहीतच टिकतो.

दुःखाची खोली खर्चावरून ठरत नाही. मुक्या जिवाने आपल्याकडे कधी मोठे काही मागितले नाही. त्याची आठवणही साधेपणानेच जपली जाते. अशा स्मारकाच्या सावलीत वाढणारे मूल पुढे रस्त्यावरच्या जखमी प्राण्याकडे पाठ फिरवणार नाही, अशी आशा बाळगता येते.

स्वाध्याय

१. प्राणी मेल्यावर मुलांना खरे का सांगावे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘दगडावर केवळ नाव मावते, स्वभाव मात्र वहीतच टिकतो’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या परिचयातील एखाद्या प्राण्याविषयी दहा ओळी लिहा.