टोप्या भरून घ्या, टोपी घालून घेऊ नका

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरीला हे नाव मिळाले ते कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या देवळावरून. मूळ बनशंकरी बदामीची. अनेक मराठी घराण्यांची ती कुलदेवता आणि देवांग विणकरांचीही. धाग्यावर पोट असणाऱ्यांच्या देवीच्या या वस्तीत ब्लाऊजचे गळे आणि गणवेशाचे खिसे भरून देणारी छोटी दुकाने असावीत, यात नवल नाही.

अशा दुकानात एखादे सिंगल हेड मशीन असते आणि दोन-तीन माणसे. शाळेच्या क्रीडादिनासाठी ५० टोप्यांची मागणी आली की आनंद होतो, पण धडकीही भरते. हातची मागणी परत करावी, की काम बाहेर द्यावे?

टोपीचे नखरे

शर्टाचा खिसा रिंगमध्ये सपाट ताणून बसतो. टोपीला मात्र गोलाई असते. तिच्या कपाळपट्टीत कडक बक्रम असते आणि बहुतेक टोप्यांना मधोमध जाड शिवण. तिच्यासाठी फिरणारी कॅप फ्रेम लागते आणि ती प्रत्येक मशीनला बसत नाही. टाके खालून वर आणि मधून कडांकडे घालावे लागतात. नाहीतर कापड सरकून चुण्या पडतात. त्यामुळे शर्टासाठी केलेले डिझाइन टोपीवर जसेच्या तसे चालत नाही. भरायला उंचीही जेमतेम पाच-साडेपाच सेंटिमीटर मिळते.

आता वेळेचा हिशेब पाहा. बोधचिन्ह ८,००० टाक्यांचे आणि वेग मिनिटाला ६०० टाक्यांचा धरला, तर एका टोपीला तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ५० टोप्यांचे अकरा तास झाले. टोपी बसवणे, तुटलेला धागा ओवणे वेगळेच. लग्नसराईत तेवढा वेळ ब्लाऊज तसेच पडून राहतात. सहा हेडच्या मशीनवर हेच काम नऊ खेपांत, सुमारे दोन तासांत उरकते. जपानच्या ताजिमा कंपनीने १९६४ साली अनेक हेडची स्वयंचलित मशीन बाजारात आणली, ती याच गणितावर.

म्हणूनच टोप्या जॉबवर्कला देण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

काम देण्यापूर्वी

दर बहुधा हजार टाक्यांमागे असतो. म्हणून टाके किती, हे आधी विचारावे. पंचिंगचे पैसे वेगळे द्यायचे असतील, तर डिझाइनची फाइलही मागून घ्यावी. ती हाती असली की पुढच्या वर्षी दुसऱ्याकडेही काम देता येते.

नमुना कापडाच्या तुकड्यावर नको, त्याच टोपीवर हवा. तो गिऱ्हाइकाला दाखवून सही घ्यावी आणि धाग्यांचे शेड क्रमांक लिहून ठेवावेत. उसवलेल्या टोपीवर सुईची भोके दिसतात, तेव्हा दोन-तीन टोप्या जादा द्याव्यात. बिघडलेल्या टोपीची किंमत कोण सोसणार, हेही कागदावर असावे. मुदत गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीची सांगावी. दुकानाची जीएसटी नोंदणी असेल, तर माल चलनावर पाठवावा. २०१७ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो.

आणखी एक. माल परत दुकानातच यावा. गिऱ्हाइकाचा पत्ता वा फोन क्रमांक पुढे देऊ नये. नाहीतर पुढची मागणी परस्पर जाते.

आलेली प्रत्येक टोपी उजेडात धरून तपासावी, लोंबते धागे कापावेत. कारण टोपी कुणाच्या मशीनवर भरली, याच्याशी शाळेच्या बाईंना कर्तव्य नसते. अक्षर वाकडे आले, तर बोल दुकानालाच लागतो आणि सुबक आले, तर श्रेयही दुकानालाच. मागणी दर महिन्याला येऊ लागली, की मग स्वतःची कॅप फ्रेम घेण्याचा विचार करावा. तोवर कर्जाचा हप्ता मागे लागत नाही आणि गिऱ्हाईकही हातचे जात नाही.