रॅम खरंच तेवढी पळते का?

पीसी असेंबल करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न 'किती जीबी?' आणि दुसरा 'किती मेगाहर्ट्झ?' दुकानदार डबा दाखवतो, त्यावर ठळक ३२०० छापलेलं असतं. आपण घरून आलेल्या पैशातले थोडे जास्त मोजतो आणि खुशीत हॉस्टेल गाठतो. पुढे तो आकडा कुणी तपासत नाही. आमच्या विंगमधले जे पीसी मी पाहिले, त्यातले बरेचसे ३२००ची रॅम असूनही २१३३ किंवा २४००नेच चालत होते. रॅम खराब नव्हती आणि दुकानदारानेही फसवलं नव्हतं. मग गडबड कुठे होते, ते बघू.

आधी आकड्याचा अर्थ. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर डेटा जातो. म्हणून डीडीआर४-३२०० रॅमचं घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचं असतं आणि सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा डेटा सरकतो. एका वेळी ६४ बिट म्हणजे ८ बाइट जातात. ३२०० गुणिले ८ म्हणजे २५६०० मेगाबाइट, अर्थात सेकंदाला २५.६ जीबी. लेबलवर 'पीसी४-२५६००' लिहिलेलं असतं, ते हेच.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते: कोणत्या वेगाला कोणते टायमिंग, किती व्होल्टेज. त्यात जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात बसणारे वेग असतात, आणि बायोस आपण होऊन त्यातलेच वेग वापरतो. डब्यावरचा मोठा आकडा बऱ्याचदा त्या यादीत नसतोच. तो एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो. एक्सएमपी ही इंटेलची २००७ सालची सोय. एएमडीने डीडीआर५साठी २०२२ मध्ये एक्स्पो आणली. ही नोंद बायोसमध्ये जाऊन आपल्याला चालू करावी लागते, आणि मग डीडीआर४ला १.२ ऐवजी साधारण १.३५ व्होल्ट मिळतात. थोडक्यात, डब्यावरचा आकडा म्हणजे 'एवढं जमेल' असं सांगणं आहे, 'एवढं चालूच आहे' असं नाही. काही ३२०० रॅममध्ये हा वेग जेडेकच्या यादीतच असतो. ती मात्र काही न करता ३२००ने चालते.

हा फरक ग्राहकाला सांगायला हवा की नको, यावरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली. २०२२ मध्ये कोर्सेअर कंपनीवर कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. जाहिरात केलेला वेग सेटिंग बदलल्याशिवाय मिळत नाही, ही तक्रार होती. २०२५ मध्ये ५५ लाख डॉलरची तडजोड झाली. आपण काही कोर्टात जाणार नाही, पण पाच मिनिटांत तपासून तर बघू शकतो.

पहिली पायरी वाचायची. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा; तिथे स्पीड दिसतो. लिनक्सवाल्यांनी डीएमआयडीकोड ही कमांड वापरावी. तिथे 'स्पीड' आणि 'कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड' अशा दोन ओळी येतात. आपल्या कामाची दुसरी. पण लक्षात ठेवा, हे दोघं स्वतः काही मोजत नाहीत, बायोसने जे सांगितलं ते वाचून दाखवतात. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये प्रत्यक्ष घड्याळ दिसतं. तिथे १६००च्या आसपास आकडा बघून 'अर्धीच चालते की!' म्हणून घाबरू नका, त्याची दुप्पट करा. काही लॅपटॉपमध्ये काम नसताना वेग आपोआप उतरतो, म्हणून एखादं जड काम चालू ठेवून बघा.

दुसरी पायरी मोजायची. जॉन मॅक्कॅल्पिन यांचा स्ट्रीम नावाचा छोटा सी प्रोग्राम आहे, तो आपल्याला सहज कंपाइल करता येतो. ॲरे कॅशच्या निदान चौपट मोठा घ्या, नाहीतर रॅमऐवजी कॅशच मोजाल. आता हिशोब. दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये असतील तर ३२००ला कमाल ५१.२ आणि २१३३ला कमाल ३४.१ जीबी. तुमचं माप ३४.१च्या वर गेलं, तर रॅम २१३३ने चालत असणं शक्यच नाही, सिद्ध झालं. उलट कमी आलं म्हणून रॅम हळू आहे असं मात्र सिद्ध होत नाही, कारण प्रत्यक्ष माप कमाल आकड्याच्या खालीच राहतं. याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते: २१३३च्या दोन पट्ट्या ३२००च्या एकट्या पट्टीपेक्षा जास्त डेटा नेऊ शकतात. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही आणि गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतात, त्यांना हा फरक डोळ्यांनी दिसतो, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

एक्सएमपी चालू करूनही वेग मिळाला नाही तर तीन ठिकाणी बघा. एक, प्रोसेसर आणि बोर्ड: कोअर आय३-१०१०० हा एच४१० बोर्डवर असेल तर २६६६च्या पुढे जातच नाही. दोन, मिसळ: एक पट्टी ३२००ची आणि एक २४००ची लावली तर दोन्ही हळूच्याच वेगाने चालतात. तीन, पट्ट्यांची संख्या: रायझन ७०००ला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर एक्सएमपीची सोयच नसते, तिथे जास्त वेगाच्या रॅमवर पैसे घालू नका.

नुसता मेगाहर्ट्झही बघू नका. सीएल हा आकडा म्हणजे मागणी केल्यापासून डेटा येईपर्यंतचे ठोके. सीएलला २०००ने गुणून वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतील. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, आणि ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. २१३३ सीएल१५ मात्र १४.

तिसरी पायरी सगळे टाळतात, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. वेग वाढवल्यावर मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर घ्या आणि ज्या रात्री लाइट जाणार नाही असं वाटतं त्या रात्री चालू ठेवून झोपा. सकाळी चुकांचा आकडा शून्यच हवा. 'दोन-चारच आहेत' चालत नाही. गेम बंद पडला तर निदान कळतं तरी. पण एखादा बिट उलटा पडला तर प्रोजेक्टचं सिम्युलेशन चार तास चालून चुकीचं उत्तर देईल आणि तक्रारही करणार नाही. तो आकडा रिपोर्टमध्ये जाईल, तुम्ही व्हायव्हाला उभे राहाल आणि चूक कुठे आहे ते गाइड सरांनाही सापडणार नाही. चुका दिसल्या तर वेग एक पायरी खाली आणा, पुन्हा टेस्ट लावा. पीसी चालूच होईना, तर सीएमओएस क्लिअर करा, बायोस मूळ सेटिंगवर येतो.

शेवटचं एक. हे सगळं आपल्या स्वतःच्या मशिनवर. लॅबमधल्या पीसीच्या बायोसला लॅब असिस्टंटना विचारल्याशिवाय हात लावू नका. तिथे रॅम हळू दिसली तर आकडे लिहून त्यांच्याकडे द्या. मोजलेले आकडे समोर असले की काम लवकर होतं.