जुन्या मोटरहोममध्ये डाग एकीकडे, गळती दुसरीकडे! असं का होतं?

जुनं मोटरहोम स्वस्तात घेऊन ते चकाचक करण्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर भरपूर दिसतात. नवा रंग, नवे पडदे, झालं. पण ब्रिटन-युरोपात अशी गाडी बघायला जाणारे जाणकार इंजिनाइतकंच लक्ष भिंतींकडे देतात. कोपरे अंगठ्याने दाबून बघतात. भिंत मऊ लागली, तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं आणि त्याचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीच्याही वर जातो.

पत्र्याच्या गाडीत लाकूड कुठून आलं?

1980-90च्या दशकांतल्या बऱ्याच मोटरहोमची राहायची खोली लाकडी चौकटीवर उभी असते. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोल आणि आत जेमतेम 3 मिलिमीटरचं प्लायवुड. पत्रे जुळतात तिथे सीलंट आणि त्यावर स्क्रूने आवळलेली पट्टी.

ऊन, थंडी आणि रस्त्यावरचे हादरे खाऊन हे सीलंट कडक होतं, भेगाळतं. मग छताच्या कडा, खिडक्या, छतावरचे झरोके अशा जागांमधून पाणी शिरतं.

डाग फसवा का असतो?

शिरलेलं पाणी चौकटीच्या कडेने वाट काढत खाली उतरतं. त्यामुळे डाग खिडकीखाली दिसला, तरी भेग छताच्या कडेला असू शकते.

लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर ते कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. त्याच्या बराच वर तो दीर्घकाळ राहिला, की लाकडाचा भुसा व्हायला लागतो. ओलावा मोजायला छोटं मीटर मिळतं.

मात्र प्रत्येक ओल म्हणजे गळती नव्हे. गॅसवरचा स्वयंपाक आणि झोपलेल्यांचा श्वास यांची वाफही थंड भिंतीवर पाणी होऊन जमते. त्यावर मुख्य उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं.

दुरुस्ती कशी करतात?

*गळती शोधणं:* एकजण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून पाइपने हळूहळू पाणी सोडतो. सुरुवात खालून करून वर जायचं. वरून सुरू केलं, तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतं आणि नेमका सांधा कळत नाही.

*लाकूड बदलणं:* आतलं प्लायवुड काढून चौकट टोच्याने तपासतात. टणक लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापतात. उरलेला भाग पूर्ण वाळू देतात, त्याला कित्येक आठवडेही लागतात. मग बुरशीरोधक लावलेला नवा तुकडा गोंद आणि स्क्रूने जोडतात.

*सांधा बंद करणं:* पट्टी काढून, जुनं सीलंट खरवडून बुटाइल टेप लावतात. गंजलेल्या स्क्रूंच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बसवतात.

वरून सिलिकॉन थापलं तर?

तो म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं, कुजक्या लाकडात स्क्रू धरत नाही आणि सिलिकॉनवर पुढे दुसरं सीलंट नीट चिकटत नाही.

धोका फक्त पैशांचा नाही. अनेक गाड्यांत ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो. त्याची चौकट कुजली, तर झोपणाऱ्यांचा भार पेलायला खाली काही उरत नाही. म्हणूनच जुनी गाडी शक्यतो पावसानंतर बघावी आणि घेतल्यावर दरवर्षी सगळे सांधे तपासून घ्यावेत.