परदेशात शूटिंग : यादी पक्की, तरच माल सुटतो

नारायणगावहून तमाशाचा फड निघतो तेव्हा कनात, पेट्या, दिवे मोजूनच गाडीत चढतात, हे निमगाव सावाच्या आमच्या व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. परदेशात शूटिंगला जाणाऱ्या निर्मात्यालाही हेच करावे लागते. यश चोप्रांच्या 'चांदनी'चे (१९८९) काही चित्रीकरण स्वित्झर्लंडमध्ये झाले. अशा दौऱ्यात कॅमेऱ्याबरोबर पोशाख व देखाव्याचे सामानही जाते.

तात्पुरत्या नेलेल्या मालावर तिकडे जकात पडू नये म्हणून 'एटीए कार्नेट' हा दस्तऐवज असतो. भारतात तो फिक्की ही संस्था देते. मुदत जास्तीत जास्त १ वर्ष. त्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन, नग, वजन व किंमत लिहितात. जाता-येता दोन्ही देशांच्या कस्टमचे शिक्के घ्यावे लागतात. माल परत आला नाही तर जकात भरावी लागते. वापरून संपणाऱ्या वस्तू यात बसत नाहीत. कार्नेट निघाल्यावर यादीत भर घालता येत नाही.

म्हणून शिंपी, सुतार व जरीकाम करणाऱ्या बांधवांना आमचे सांगणे : ऑर्डर घेतानाच यादी कधी जाणार ते विचारा. बिलावर नुसते 'पोशाख' न लिहिता नगवार किंमत लिहा. यादीनंतर पोहोचलेली शेरवानी त्या कार्नेटवर जाणार नाही, आणि मग तुमचे पैसेही अडकतील.