ग्रामीण आरोग्यसंस्थांतील मनुष्यबळाचे कार्यस्वास्थ्य : मापन आणि सुधारणा
(विशेष संदर्भ : नवेगाव बांध परिसर, जिल्हा गोंदिया)

गोषवारा : आरोग्यसेवेची गुणवत्ता ही औषधे, यंत्रसामग्री व इमारती यांइतकीच सेवा देणाऱ्या मनुष्यबळाच्या स्वास्थ्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात कार्यस्वास्थ्याची संकल्पना, ते मोजण्याची प्रचलित साधने, नवेगाव बांधसारख्या वनव्याप्त ग्रामीण भागात ही साधने वापरताना येणाऱ्या मर्यादा आणि सुधारणेचे मार्ग यांचे विवेचन केले आहे. मापनामागे बदल करण्याची तयारी नसेल, तर ते कर्मचाऱ्यांवरील आणखी एक ओझे ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कार्यस्वास्थ्य, बर्नआऊट, आशा स्वयंसेविका, ग्रामीण रुग्णालय, मोबदला, कार्यभार.

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांध वसले आहे. जुना तलाव, राष्ट्रीय उद्यान आणि पक्षी यांमुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. पर्यटकाला रम्य वाटणारे हेच जंगल रात्री प्रसूतीसाठी निघालेल्या आरोग्यसेविकेला मात्र वेगळे दिसते. गावातील ग्रामीण रुग्णालय, परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि गावोगावच्या आशा स्वयंसेविका अशी येथील सार्वजनिक आरोग्यसेवेची उतरंड आहे. हिवताप, सिकलसेल, माता व बालकांचे कुपोषण हे प्रश्न याच यंत्रणेला हाताळावे लागतात.

रुग्णांच्या आरोग्याची मोजणी करणाऱ्या या यंत्रणेत काम करणाऱ्यांचे आरोग्य कोण मोजतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. किती प्रसूती झाल्या, किती लसीकरण झाले, किती रक्तनमुने घेतले, याचे मासिक अहवाल जातात. ते काम करणारी व्यक्ती कोणत्या अवस्थेत आहे, याचा रकाना त्या अहवालात नसतो. प्रस्तुत लेख या रिकाम्या रकान्याविषयी आहे.

कार्यस्वास्थ्य : संकल्पना

कार्यस्वास्थ्य म्हणजे केवळ आजाराचा अभाव नव्हे. शारीरिक सुरक्षितता, मानसिक स्थैर्य, कामातील अर्थपूर्णता, सहकाऱ्यांचा आधार, न्याय्य मोबदला आणि आपल्या कामावर काही अंशी तरी असलेला स्वतःचा ताबा या सर्वांचा त्यात समावेश होतो. याच्या उलट टोकाची अवस्था म्हणजे बर्नआऊट, अर्थात दीर्घकालीन कार्यजन्य थकवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (२०१९ मध्ये स्वीकृत, १ जानेवारी २०२२ पासून लागू) बर्नआऊटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी संबंधित घटित म्हणून केलेली आहे. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या व योग्य रीतीने न हाताळल्या गेलेल्या ताणाचा तो परिणाम मानला जातो. ही व्याख्या महत्त्वाची आहे. कारण ती दोषाचे स्थान व्यक्तीच्या स्वभावात न शोधता कामाच्या रचनेत शोधते.

या संदर्भात दोन सैद्धांतिक मांडण्या उपयुक्त आहेत. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, या संयोगातून सर्वाधिक ताण निर्माण होतो. रात्रपाळीत डॉक्टर उपलब्ध नसताना वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेची स्थिती नेमकी हीच असते : जबाबदारी पूर्ण, अधिकार मात्र अपुरा. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये परिश्रम आणि प्रतिफळ यांतील असमतोलाची मांडणी केली. त्यांच्या मते प्रतिफळ म्हणजे केवळ पैसा नव्हे. मान आणि नोकरीची शाश्वती यांचाही त्यात अंतर्भाव होतो. कंत्राटी तत्त्वावरील व मानधनावरील मनुष्यबळाचा विचार करताना ही दुसरी मांडणी अधिक लागू पडते.

मापनाची प्रचलित साधने

१) मास्लाक बर्नआऊट सूची : क्रिस्तिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या सूचीच्या मानवी सेवाक्षेत्रासाठीच्या आवृत्तीत २२ विधाने आहेत. भावनिक थकवा, रुग्णाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना, असे तीन घटक ती स्वतंत्रपणे मोजते. ही सूची वापरण्यासाठी शुल्क व परवानगी आवश्यक असते.

२) कोपनहेगन बर्नआऊट सूची : २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सूचीत १९ प्रश्न असून वैयक्तिक, कामाशी संबंधित आणि सेवार्थींशी संबंधित थकवा वेगवेगळा मोजला जातो. थकवा घरातून येतो, कामातून येतो की माणसांशी सतत संबंध आल्याने येतो, हे त्यामुळे वेगळे करता येते.

३) जागतिक आरोग्य संघटनेचा पाच प्रश्नांचा स्वास्थ्य निर्देशांक : मागील दोन आठवड्यांतील प्रसन्नता, शांतता, उत्साह, झोपेनंतरचा ताजेपणा आणि दैनंदिन जीवनातील रस यांविषयी पाच विधाने असतात. प्रत्येकास ० ते ५ गुण दिले जातात. एकूण गुणांना ४ ने गुणले की ० ते १०० मधील निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, पाच उत्तरांची बेरीज ११ आल्यास निर्देशांक ४४ होतो. ५० किंवा त्याहून कमी निर्देशांक हा स्वास्थ्य ढासळल्याचा संकेत मानून पुढील तपासणी करावी, असा संकेत रूढ आहे. हे निदान नव्हे, ही केवळ चाळणी आहे, हे विसरता कामा नये.

४) संस्थेतील उपलब्ध नोंदी : रिक्त पदे, शिल्लक राहिलेल्या रजा, सलग रात्रपाळ्या, बदलीचे अर्ज, मानधन जमा झाल्याची तारीख आणि हल्ल्याच्या वा शिवीगाळीच्या घटना, या नोंदींतून कार्यस्वास्थ्याचे वस्तुनिष्ठ चित्र मिळते. प्रश्नावली परिणाम दाखविते. नोंदी कारणे दाखवितात. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

नवेगाव बांध परिसराचे वास्तव

वरील साधने ग्रामीण भागातील मानधनावरील मनुष्यबळ डोळ्यांसमोर ठेवून घडलेली नाहीत. ग्रामीण भागातील आरोग्यसेवेचा मोठा भार मात्र ज्यांना शासन कर्मचारी मानत नाही, अशा आशा स्वयंसेविकांवर आहे. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद निर्माण झाले. साधारणपणे १,००० लोकसंख्येमागे एक आशा, आणि आदिवासी भागात वस्तीनिहाय शिथिल निकष, अशी रचना करण्यात आली. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कामगारांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस केली होती. तरीही आशांची गणना स्वयंसेविका म्हणूनच होते.

त्यांच्या परिश्रम-प्रतिफळाचे एक साधे गणित येथे मांडता येईल. घरोघरी नवजात बालक काळजी कार्यक्रमात संस्थात्मक प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, म्हणजे एकूण ६ गृहभेटी द्याव्या लागतात. त्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २५० रुपये मोबदला ठरविण्यात आला. त्यानंतर बालकाच्या ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यात ५ भेटी आणि प्रत्येकी ५० रुपये. म्हणजे एका बालकामागे ११ भेटी व ५०० रुपये. सरासरी एका भेटीस सुमारे ४५ रुपये. बाळाचे वजन, तापमान, नोंदवहीतील तपशील, मातेशी संवाद आणि टोल्याटोल्यांतील पायपीट हे सर्व या ४५ रुपयांत आले. या कार्यक्रमाची प्रेरणा शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केलेल्या कामातून मिळाली, ही या भागासाठी अभिमानाची बाब आहे. परंतु ज्या स्त्रीच्या पायांवर हा कार्यक्रम उभा आहे, तिच्या थकव्याची मोजणी कार्यक्रमाच्या कोणत्याही निर्देशकात नाही.

कोविड काळात हा विरोधाभास तीव्रतेने पुढे आला. घरोघरी सर्वेक्षण, विलगीकरणातील व्यक्तींची विचारपूस आणि पुढे लसीकरणाचा आग्रह ही कामे आशांवर आली. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक सन्मान दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्यात संप झाले, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनीही राज्यव्यापी संप केला. या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते : जेथे स्वास्थ्य मोजण्याचे नियमित साधन नसते, तेथे संप हेच मापनाचे साधन बनते.

भौगोलिक परिस्थितीची भर याशिवाय पडते. केशोरी-गोठणगावकडील जंगलपट्ट्यातून रात्री रुग्ण आणणे हे वन्यप्राण्यांच्या भीतीमुळे जोखमीचे असते. २०२२ मध्ये रानटी हत्तींचा कळप या तालुक्यात आल्यानंतर ही भीती वाढली. भ्रमणध्वनीची रेंज नसलेल्या ठिकाणी ऑनलाइन माहिती भरण्याची सक्ती हाही ताणाचा एक नवा स्रोत आहे.

मापनातील अडचणी

पहिली अडचण गोपनीयतेची आहे. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी पदे एक-दोनच असतात. प्रश्नावलीवर नाव नसले तरी पद, लिंग व सेवेची वर्षे एवढ्या माहितीवरून उत्तर देणारी व्यक्ती ओळखता येते. ज्याचे कंत्राट दर वर्षी वरिष्ठांच्या शेऱ्यावर नूतनीकृत होते, तो अशा प्रश्नावलीत खरे उत्तर देईल, ही अपेक्षा भाबडी ठरते. म्हणून किमान १० व्यक्तींपेक्षा लहान गटाचा निष्कर्ष स्वतंत्रपणे जाहीर करू नये. अनेक केंद्रांची माहिती तालुका पातळीवर एकत्र करावी आणि माहिती संकलन संस्थेबाहेरील व्यक्तींनी करावे.

दुसरी अडचण भाषेची आहे. इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर केल्यास अर्थ निसटतो. या भागातील झाडीबोली बोलणारी आशा 'भावनिक थकवा' असा शब्दप्रयोग करणार नाही. ती डोके दुखते, झोप लागत नाही, कामावर जावेसे वाटत नाही, असे सांगेल. त्यामुळे भाषांतर, त्याचे स्वतंत्र उलट भाषांतर, दोहोंची तुलना आणि लहान गटावर पूर्वचाचणी हे टप्पे टाळता येणार नाहीत.

तिसरी अडचण सरासरीची आहे. समजा, दहा कर्मचाऱ्यांपैकी पाच जणांचा स्वास्थ्य निर्देशांक ८० आणि पाच जणांचा ३२ आहे. सरासरी ५६ येते व संस्था सुस्थितीत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात निम्मे कर्मचारी चाळणीच्या मर्यादेखाली आहेत. म्हणून सरासरीबरोबर ५० किंवा त्याखालील व्यक्तींचे प्रमाण देणे अनिवार्य मानावे.

सुधारणेचे मार्ग

कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य म्हटले की योगशिबिर, ताणमुक्ती व्याख्यान किंवा सत्कार समारंभ आयोजित करण्याची प्रथा आहे. या उपक्रमांचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु सलग रात्रपाळ्या केलेल्या परिचारिकेस सकाळी शिबिरासाठी थांबविणे हे तिच्या स्वास्थ्याच्या नावाखाली तिची झोप काढून घेणे होय. उपाय कारणाच्या पातळीवर असावा. त्या दृष्टीने पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात :

१) मोबदला जमा होण्याची निश्चित तारीख जाहीर करावी आणि विलंबाचे दिवस हा संस्थेचा एक निर्देशक मानून दरमहा नोंदवावा.
२) रात्रीच्या प्रसूतीसाठी येणाऱ्या आशा व आरोग्यसेविकांना रुग्णालयात थांबण्यासाठी सुरक्षित खोली, स्वच्छतागृह आणि परतीचे वाहन द्यावे.
३) पाळीपत्रक किमान पंधरा दिवस आधी लावावे आणि सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा घालावी.
४) एकच माहिती नोंदवहीत व ॲपवर दोनदा भरण्याची पद्धत बंद करावी.
५) आरोग्यसेवकांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, तो कागदावर न राहण्यासाठी प्रत्येक घटनेची तक्रार संस्थेने स्वतः दाखल करावी, पीडित कर्मचाऱ्यावर सोडू नये. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेला हल्ला आणि ऑगस्ट २०२४ मधील कोलकात्याची घटना यांत पन्नास वर्षांचे अंतर आहे. कामाच्या जागी स्त्री कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र तोच आहे.
६) महिन्यातून एकदा, चुका शोधण्यासाठी नव्हे तर अडचणी ऐकण्यासाठी बैठक घ्यावी आणि मागील बैठकीतील अडचणींचे काय झाले, हे प्रथम सांगावे.

यांपैकी काही उपायांना शासनाची मंजुरी लागेल. पाळीपत्रक, बैठक, खोली यांसाठी मात्र संस्थाप्रमुखाचा निर्णय बहुतांशी पुरेसा आहे. मापनापूर्वीच, निष्कर्ष हाती आल्यावर आपण काय बदलू शकतो, याची यादी संस्थेने करावी. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर काहीच करता येणार नाही, तो प्रश्न विचारू नये.

महाविद्यालयांची भूमिका

ग्रामीण महाविद्यालये या कामात त्रयस्थ सहकारी होऊ शकतात. भाषा विभागाने प्रश्नावलीचे भाषांतर तपासावे, समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभागांनी मुलाखतींचे नियोजन करावे, वाणिज्य व गणित विभागांनी सांख्यिकीय विश्लेषण करावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना मुलाखतीसाठी पाठविण्यापूर्वी संमती व गोपनीयतेचे प्रशिक्षण द्यावे. कारण अनेकदा उत्तर देणारी आशा ही त्याच गावातील विद्यार्थिनीची काकू वा शेजारीण असते. आपल्या शोधनिबंधासाठी त्यांची माहिती घेऊन निष्कर्ष त्यांनाच न कळविणे, ही संशोधनातील अनैतिकता आहे. सर्वेक्षण झालेल्या प्रत्येक केंद्रावर एका पानाचा सोप्या मराठीतील अहवाल वाचून दाखविणे हे संशोधकाचे कर्तव्य मानले जावे.

समारोप

कार्यस्वास्थ्याचे मापन हे साधन आहे, साध्य नव्हे. पाच प्रश्नांच्या निर्देशांकापासून मोबदल्याच्या विलंबाच्या नोंदीपर्यंत साधने उपलब्ध आहेत आणि त्यांना फारसा खर्चही लागत नाही. उणीव आहे ती ऐकण्याच्या व्यवस्थेची. जंगलवाटेने रात्री गरोदर मातेला रुग्णालयात पोहोचविणारी स्त्री पहाटे परत कशी गेली, हा प्रश्न ज्या दिवशी मासिक अहवालात विचारला जाईल, त्या दिवशी आरोग्यसंस्थेने स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्यास सुरुवात केली, असे म्हणता येईल.