भोपळ्याचे सात भाऊ

बाहुल्यांची कला सांगलीस परकी नाही. १८४३ साली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. या परंपरेच्या अभ्यासकाने शांघाय अॅनिमेशन फिल्म स्टुडिओची ‘हूलू श्योंगदी’ ही १३ भागांची, १९८६-८७ मधील चित्रमालिका अवश्य पाहावी. आपल्याकडे ती उपेक्षितच राहिली आहे. एकाच वेलीवरील सात रंगांच्या भोपळ्यांतून जन्मलेले सात भाऊ एकेकटे पराभूत होतात आणि एकवटून विजयी होतात, एवढेच तिचे कथासूत्र.

तिचे वैशिष्ट्य रचनेत आहे. आकृती कागदातून कापलेल्या असून त्यांचे अवयव सांध्यांवर सुटे असतात. ते किंचित हलवावयाचे, एक छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाचे, असा हा क्रम होय. छायाबाहुलीचा सांधाच येथे कॅमेऱ्यापुढे आला आहे.

भाषाभ्यासकासही येथे विचारास वाव आहे. ‘हूलू’ म्हणजे भोपळा. त्याचा उच्चार ‘फूलू’, म्हणजे भाग्य व वैभव, या शब्दाशी जुळत असल्यामुळे चिनी मनास तो शुभसूचक वाटतो. मराठी ‘भोपळा’ मात्र परीक्षेतील शून्य सुचवितो. भाषांतरात अर्थ उतरतो, ध्वनी मागे राहतो.

चिनी कलावंतांनी जुना सांधा राखून माध्यम बदलले. आपण मात्र भाव्यांच्या बाहुल्यांकडे नाट्येतिहासातील एक नोंद म्हणूनच पाहतो, हे विचारणीय आहे.