आजीला सांगलीला जायचंय!

दोस्तांनो, ही साताऱ्यातल्या एका घरातली गोष्ट. रोज दिवेलागणीला आजी पिशवीत एक लुगडं घालते, पायात चपला सरकवते आणि म्हणते, "चला, निघते मी. सांगलीला जायचंय. आई वाट बघत असेल."

आजीचं वय ७८. माहेर सांगलीचं, गणपतीच्या देवळाजवळचं. तिची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. सातवीतली नात समजावते, "आजी, हेच तुझं घर." आजी मान डोलावते आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारते, "सांगलीची गाडी किती वाजता गं?"

आधी नातीला हसू यायचं. मग राग यायला लागला. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती ओरडलीच, "किती वेळा तेच तेच विचारतेस!" आजी गप्प बसली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघतात तर काय, आजी घरात नाही!

सगळ्यांची धावाधाव सुरू झाली. राजवाडा पाहिला, मोती चौक पालथा घातला. शेवटी नातच म्हणाली, "बाबा, एस.टी. स्टँडवर बघू या ना!" आजी तिथंच होती. एका कंडक्टरकाकांनी तिला बाकावर बसवून चहा दिला होता. साताऱ्याचा पत्ता तिला सांगता येत नव्हता. माहेरचा मात्र ती गल्लीसकट सांगत होती!

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आजाराचं नाव कळलं. अल्झायमर.

हे म्हातारपण नव्हे

आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी'. पण ते खरं नाही बरं का! वय झालं की थोडं विसरायला होतं. चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, भाजीत मीठ घालायचं राहतं. यात विशेष काही नाही. पण जन्मभर पुरणपोळ्या केलेल्या आजीला त्या कशा करायच्या हेच आठवेना, रोजच्या रस्त्यावर ती चुकायला लागली, तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवं.

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाच्या ५१ वर्षांच्या बाई आल्या. नाव लिहायला सांगितलं की 'श्रीमती' एवढं लिहायच्या आणि पुढचं विसरायच्या. डॉ. अलॉइस अल्झायमर त्यांना रोज प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. १९०६ साली बाई वारल्या. डॉक्टरांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या मध्ये कसल्यातरी गुठळ्या होत्या आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांसारखे गुंते. १९१० साली या आजाराला त्यांचंच नाव मिळालं.

या गुठळ्या आणि गुंते प्रथिनांचे असतात, हे पुढं कळलं. त्यांच्यामुळे मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात. बहुतेकदा सुरुवात होते ती हिप्पोकॅम्पस नावाच्या भागापासून. नव्या आठवणी नोंदवायचं काम त्याचं. समजा, वहीची पुढची पानं ओली झाली. त्यावर लिहाल ते फुटणार, पण मागची पानं बराच काळ वाचता येतात. म्हणून सकाळचा नाश्ता आजीला आठवत नाही आणि लहानपणीची सांगली आठवते. ती मुद्दाम तेच तेच विचारत नाही. आपण दिलेलं उत्तर तिच्या वहीत उमटतच नाही!

अशा आजारांना मिळून डिमेन्शिया म्हणतात. त्यातला अल्झायमर सर्वांत जास्त आढळणारा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. काही औषधांनी त्रास थोडा काळ कमी होतो. मात्र थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार असतात. म्हणून आईबाबांनी तपासणी टाळू नये.

'अस्तु' हा मराठी चित्रपट घरच्यांबरोबर जरूर पाहा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या विद्वान प्राध्यापकांची भूमिका केली आहे. या आजारामुळे ते एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात.

आपण काय करायचं?

• पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचं, शांतपणे. "आत्ताच तर सांगितलं!" म्हणायचं नाही.

• वाद घालायचा नाही. "आई कशी होती गं तुझी?" असं विचारून गोष्टी ऐकायच्या.

• नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात किंवा पिशवीत ठेवायची.

• जुनी गाणी, ओव्या एकत्र म्हणायच्या. त्या पुष्कळ दिवस लक्षात राहतात.

• दिवसभर सांभाळणाऱ्या आईलाही थोडी विश्रांती द्यायची. तासभर आजीजवळ आपण बसायचं.

आपल्या गोष्टीतल्या नातीनं आणखी एक युक्ती काढली. एका रविवारी बाबांबरोबर ती आजीला जवळच्या संगम माहुलीला घेऊन गेली. "आजी, ही बघ कृष्णा. हीच पुढे तुझ्या सांगलीला जाते." आजी घाटावर बसली, पाण्यात हात बुडवला आणि लहानपणीच्या पुराची गोष्ट सांगत राहिली.

घरी आल्यावर आपण कुठं गेलो होतो, हे आजी विसरली. पण मनाला वाटलेलं बरं, आठवण पुसली तरी काही वेळ मागे राहतं. त्या संध्याकाळी आजीनं पिशवी भरली नाही.